नैराश्यात अभ्यास सगळ्यात शेवटी: घरापासून दूर शिकणाऱ्यांसाठी

मन खचलेला विद्यार्थी पहिला उपाय करतो तो बहुधा नव्या टाइमटेबलचा. रात्री दोन वाजता बसून पहाटे पाच ते रात्री अकरा अशी आखणी होते, रंगीत पेनं निघतात. दुसऱ्या दिवशी साडेसहालाच ते मोडतं आणि स्वतःविरुद्धच्या तक्रारींत एकीची भर पडते. या लेखातला क्रम उलटा आहे. आधी उठण्याची वेळ, मग जेवण, मग हातपाय हलवणारी लहान कामं आणि माणसं. अभ्यास येतो दुसऱ्या आठवड्यात. पुण्यात कॉट बेसिसवर (म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्याने घेऊन), हॉस्टेलवर किंवा पेइंग गेस्ट म्हणून राहणारी मुलंमुली डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. घरी राहणाऱ्यांनी मेसचा भाग सोडून द्यावा.

त्याआधी एक. जगणं नकोसं झाल्याचे विचार आत्ता येत असतील, तर वाचन इथेच थांबवा. खोलीतून बाहेर येऊन कोणाच्या तरी शेजारी बसा आणि १४४१६ लावा. ही केंद्र सरकारची टेली मानस सेवा आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी ती सुरू झाली. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. धोका अगदी समोर असेल तर ११२.

हे नैराश्यच आहे का

पेपर अवघड गेला, ब्रेकअप झालं, की चार दिवस वाईट जातातच. त्याला आजार म्हणायची गरज नाही. डॉक्टर निदान करताना बघतात ते असं: किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ मन उदास आहे किंवा कशातच रस उरलेला नाही, आणि सोबत झोप, भूक, थकवा, एकाग्रता, अपराधीपणा, हालचालींतला मंदपणा किंवा बेचैनी, मरणाचे विचार यांपैकी काही आहे. एकूण नऊ लक्षणांपैकी पाच लागतात आणि त्यांत पहिल्या दोनांपैकी एक असावंच लागतं.

विद्यार्थ्यांत हे रडण्यापेक्षा वेगळ्याच रूपात दिसतं. आंघोळ दोन-दोन दिवस राहते, मेसला जाणं टळतं, ग्रुपवरचे मेसेज न वाचता साठतात, घरचा फोन वाजून थांबू दिला जातो, रिझल्टची लिंक उघडवत नाही. चिडचिड वाढते. बाहेरून याला आळस म्हणतात आणि मुलगाही तेच मान्य करून टाकतो. आळशी माणसाला सिनेमाला चल म्हटलं तर तो उठतो. नैराश्यात सिनेमालाही जावंसं वाटत नाही.

मोजमापासाठी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली वापरा. ती मोफत आहे, मराठीतही मिळते. मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. पाच ते नऊ म्हणजे सौम्य, १० ते १४ मध्यम, १५ ते १९ मध्यम ते तीव्र, २० पासून पुढे तीव्र. ही चाळणी आहे, निदान डॉक्टरच करतात. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्यात शून्याच्या वर काहीही आलं, तर एकूण बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी कोणाला तरी सांगायचं. लोक चुकतात ते दोन ठिकाणी: रिझल्टच्या संध्याकाळी भरतात, किंवा रोज भरतात. दर दुसऱ्या रविवारी सकाळी एकदा, एवढं पुरे.

शरीराकडेही बघून घ्या. थायरॉइडचा बिघाड, रक्तातलं कमी हिमोग्लोबिन, ‘बी १२’ची कमतरता (शाकाहारी मुलांत ही नेहमी सापडते) यांतूनही हाच थकवा आणि हीच मरगळ येते. सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशी), टीएसएच (थायरॉइड), बी १२ आणि ड जीवनसत्त्व या तपासण्या फॅमिली डॉक्टर लिहून देतात. रिपोर्टची वाट पाहत बाकी सगळं थांबवू नका.

पहिले तीन दिवस: फक्त नोंद

सुरुवातीला काहीही बदलायचं नाही. साधी वही घ्या, दिवसाच्या तासातासाच्या ओळी पाडा आणि प्रत्येक ओळीत दोन गोष्टी लिहा: काय केलं, आणि मन शून्य ते दहात कुठे होतं. “लोळत रील्स, २.” “टपरीवर चहा, सोबत रूममेट, ४.” वही दिवसातून तीनदा भरा, दोन जेवणांनंतर आणि झोपताना. सगळं रात्री एकदम लिहायला बसलात तर सगळ्या ओळींत एकच आकडा पडतो, कारण उदास मनाची आठवण दिवसभराला एकाच रंगाने पुसून काढते.

तीन दिवसांत दोन गोष्टी वहीत दिसू लागतात. आकडा सपाट नसतो, कुठेतरी दोनाचा चार झालेला असतो. आणि तो कुठे घसरतो तेही कळतं. मेसवर जेवणाऱ्यांची ही जागा पुष्कळदा रविवारची संध्याकाळ असते. दुपारी फीस्ट म्हणजे मेसचं खास जेवण, संध्याकाळी मेस बंद, लेक्चर नाही, रूममेट गावी, आणि सोमवार समोर उभा. ती संध्याकाळ शनिवारीच ठरवून ठेवायची: जेवण कुठे, कोणाबरोबर, किती वाजता.

उठण्याची वेळ, उजेड, जेवण

झोपण्याची वेळ आपल्या हातात नसते, उठण्याची असते. सध्या पहाटे तीनला झोपून अकराला उठत असाल, तर उद्यापासून सहाचा अलार्म लावू नका. साडेदहा लावा. दोन-तीन दिवस ते जमलं की दहा. असं अर्ध्या अर्ध्या तासाने साडेसातपर्यंत यायला साधारण तीन आठवडे जातात आणि झोप लागण्याची वेळ मागोमाग आपोआप अलीकडे सरकते. रविवारीही फरक तासाभराच्या आतच ठेवा. फोन कॉटपासून चार पावलं लांब चार्जिंगला लावा.

उठल्यावर तासाभरात २० ते ३० मिनिटं घराबाहेरच्या उजेडात: गच्ची, गॅलरी, नाहीतर चहाच्या टपरीपर्यंत चालत. खोलीतली ट्यूबलाइट कितीही लख्ख वाटली तरी ढगाळ दिवसाच्या उजेडापुढेही ती फार कमी पडते, आणि शरीराचं घड्याळ त्या उजेडावर लागतं. दुपारची डुलकी अर्ध्या तासाच्या आत आणि तीनच्या आधी. चारनंतर चहा-कॉफी बंद, कारण पाच तासांनीही साधारण निम्मं कॅफिन अंगात असतं. दारूने झोप लवकर लागते, पण पहाटे मोडते आणि दुसऱ्या दिवशीचा आकडा खाली येतो. वहीत हे स्वतःच तपासा.

कॉट बेसिसची खास अडचण म्हणजे कॉट. झोप, अभ्यास, जेवण, फोन सगळं त्या सहा बाय तीनच्या तुकड्यावर होतं, आणि मग रात्री तिथे झोप येत नाही, दिवसा तिथे दुसरं काही होत नाही. सकाळी अंथरुणाची वळकटी करून भिंतीशी लावा. दिवसा बसायचं असेल तर खाली चटईवर, खुर्चीत, किंवा अभ्यासिकेत. हास्यास्पद वाटण्याइतकी लहान गोष्ट आहे, पण गुंडाळलेल्या गादीवर लोळता येत नाही.

भूक मेली असेल तर भुकेची वाट पाहू नका. घड्याळ बघून खा: उठल्यावर दोन तासांत काहीतरी, मग दुपार, मग रात्र. खोलीत नेहमी असाव्यात अशा वस्तू म्हणजे शेंगदाणे, गूळ, केळी, फुटाणे आणि दुधाची पिशवी. सोय असेल तर चार अंडी. मेसला जाणं जड वाटत असेल तर आठवडाभर डबा लावा, पण निदान एक वेळचं जेवण माणसांत बसून होऊ द्या.

मूड आला की करू

इथे सगळं अडतं. बरं वाटेल, मग मी बाहेर पडेन, हा हिशोब निरोगी मनाचा आहे. नैराश्यात हालचाल कमी झाली की बरं वाटण्याच्या संधी कमी होतात, त्याने मन आणखी खाली जातं आणि हालचाल आणखी थांबते. हे चक्र कृतीच्या टोकाकडून तोडणाऱ्या उपचाराला बिहेवियरल ॲक्टिव्हेशन म्हणतात. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगत’ या संस्थेने तो अजमावला. मानसशास्त्रातलं व्यावसायिक शिक्षण नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत तो दिला. पीएचक्यू-९वर १५ किंवा अधिक गुण असलेल्या ४९३ प्रौढांवरच्या या चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आले. तीन महिन्यांनी त्या गटातले ६४ टक्के लोक नैराश्याच्या बाहेर होते, केवळ नेहमीचे, थोडी जोड दिलेले उपचार मिळालेल्या गटातले ३९ टक्के.

खोलीत तो असा करायचा. रोज तीनच कामं निवडा: एक शरीराचं, एक साठलेलं, एक माणसांचं. प्रत्येकासमोर वेळ आणि जागा लिहा. मग ते काम इतकं कापा, की मन दोनवर असतानाही होईल. “कपडे धुणे” हे काम नव्हे. “सकाळी नऊला दोन शर्ट बादलीत भिजवणे” हे काम आहे. “व्यायाम” म्हणजे चपला घालून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत जाऊन परत. “मित्रांना भेटणे” म्हणजे दुपारी एकला मेसमध्ये ओळखीच्या माणसासमोर बसणे. बोलणं झालंच पाहिजे असं नाही. पाच-सहा दिवसांनी चालणं दहा मिनिटांवर, मग वीसवर, पुढे आठवड्यातले पाच दिवस अर्ध्या तासावर न्या. त्यापलीकडे धाप लागेल असं काही जमलं तर उत्तम.

कामाआधी अंदाज लिहा, “यानंतर मन किती होईल”, आणि नंतर खरा आकडा. अंदाज बहुतेकदा खरं घडतं त्याच्या खाली निघतो, आणि हे दहा वेळा स्वतःच्या अक्षरात पाहिल्यावर “काही उपयोग नाही” या वाक्याचं वजन थोडं कमी होतं.

आता बिघडतं कुठे ते. पहिला आठवडा-दहा दिवस आनंद बहुतेक वाटतच नाही. काम होतं, आकडा हलत नाही, आणि इथेच बहुतेक जण सोडून देतात. हे अपेक्षित आहे, औषधासारखं घेत राहायचं. दुसरा बिघाड चांगल्या दिवशी होतो: जरा हलकं वाटलं की सगळी खोली आवरायची, सहा किलोमीटर पळायचं, राहिलेलं जर्नल एका रात्रीत संपवायचं. पुढचे दोन दिवस मग कॉटवर. चांगल्या दिवशीही तीनच कामं. एखादा दिवस कोरा गेला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट न करता निम्मं करा. आणि रील्सना विश्रांती समजण्याआधी त्यांचाही आधीचा-नंतरचा आकडा लिहून बघा.

डोक्यातला फेरा

“मी असा का, सगळे पुढे गेले, आईबाबांचे पैसे वाया घालवले.” हे विचार करणं वाटतं, पण असतं दळण. कसोटी सोपी आहे. दहा मिनिटं विचार केल्यावर पुढची एखादी कृती सापडली का? सापडली तर लिहा. नसेल तर जागेवरून उठा आणि हात गुंतवा: भांडं घासा, बाटली भरून आणा, तोंडावर गार पाणी मारा. विचार थांबवायला जाऊ नका, त्याने ते वाढतात. संध्याकाळी सहा ते सव्वासहा अशी काळजीची वेळ ठरवून ठेवा आणि दिवसभर आलेलं “सहाला बघू” म्हणून वहीच्या मागच्या पानावर टाका. सहा वाजता त्यातलं निम्मं शिळं झालेलं असतं. रात्री अकरानंतर स्वतःच्या आयुष्याबद्दल कुठलाही निष्कर्ष काढायचा नाही, हा नियम भिंतीवर चिकटवण्याजोगा आहे.

दुसरा आठवडा: अभ्यास

आठव्या दिवशी १५ मिनिटं. अलार्म लावून, आणि वाजल्यावर खरंच थांबून. वाचनाने सुरुवात करू नका, नैराश्यात एकच परिच्छेद चारदा वाचला जातो. हाताला काम देणारं घ्या: सोडवलेलं गणित उतरवणं, आकृती काढणं, मागच्या वर्षीच्या पेपरातले प्रश्न विषयवार लिहून काढणं. तीन दिवसांनी अशा दोन बैठका, मग तीन, मग एकेक बैठक २५ मिनिटांची.

बॅकलॉगची, म्हणजे साठलेल्या अभ्यासाची आणि कामांची, पूर्ण यादी एका पानावर एकदाच लिहा आणि तीन खुणा करा. पुढच्या सात दिवसांत चुकलं तर कायमचं नुकसान होईल असं, म्हणजे फॉर्मची तारीख, सबमिशन, ओरल. परीक्षेपर्यंत लागेल असं. आणि यंदा सोडून देता येईल असं. तिसऱ्या रांगेत काहीच नसेल तर यादी पुन्हा करा. एटीकेटीचे (विषय राहूनही पुढच्या वर्गात जाण्याचे) नियम, हजेरीची अट (बहुतेक ठिकाणी ७५ टक्के), मेडिकल सर्टिफिकेट कधीपर्यंत चालतं, हे मित्रांकडून ऐकू नका. ऑफिसमध्ये जाऊन विचारा, कारण नैराश्यात माणूस वाईटात वाईट अफवा खरी धरतो. सरांना सांगताना सगळी कहाणी लागत नाही: “सर, माझी तब्येत महिनाभर ठीक नाही, डॉक्टरांचे उपचार चालू आहेत. जर्नल १५ तारखेऐवजी २५ला दिलं तर चालेल का? पहिली चार प्रॅक्टिकल्स आज आणली आहेत.” ती चार प्रॅक्टिकल्स महत्त्वाची.

वर्ष सोडणं, कोर्स बदलणं, एमपीएससीचा नाद सोडून गावी जाणं हे निर्णय आकडा तळाशी असताना घेऊ नका, पण कायमचे नाकारूही नका. महिन्याभरानंतरची तारीख टाका आणि डॉक्टर व घरचे यांच्यासमोर बसून घ्या. एमपीएससीवाल्यांनी निकालांचे आणि कट-ऑफचे टेलिग्राम ग्रुप दोन आठवडे म्यूट करावेत. जाहिरात आली तर ती आयोगाच्या संकेतस्थळावर असतेच.

सांगायचं कोणाला, कसं

“मला बरं वाटत नाहीये” एवढ्यावर समोरचा “टेन्शन घेऊ नकोस” म्हणतो आणि विषय संपतो. म्हणून एक नेमकी गोष्ट मागा. रूममेटला: “अरे, मला सध्या डिप्रेशनसारखं झालंय. सल्ला नको. फक्त सकाळी निघताना मला उठव आणि रात्री जेवायला ओढून ने.” घरी शरीराच्या भाषेत सुरुवात केली तर पटकन पोचतं: “आई, तीन आठवडे मला झोप नाही, जेवण जात नाही, वजन उतरलंय. डॉक्टरांकडे जातोय. तू दोन दिवस इथे येशील का?” वडिलांशी बोलणं अवघड असेल तर आधी ताईला किंवा मामाला सांगा, ते पुढचं बघतात. “आमच्या वेळी नव्हतं असलं काही” हे उत्तर येणार हे धरून चाला. ते अज्ञान असतं, नकार नव्हे, आणि डॉक्टरांसमोर बसवल्यावर पुष्कळदा विरघळतं.

कॉलेजात समुपदेशक आहे का विचारा. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये घालून दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा लागतो, आणि हे कोचिंग क्लासेसनाही लागू आहे.

डॉक्टर आणि औषधं

दोन आठवडे वरचं मनापासून करूनही पीएचक्यू-९ची बेरीज दहाच्या खाली येत नसेल, तर जा. बेरीज १५च्या वर असेल, उठणं-खाणंच बंद पडलं असेल, मरणाचे विचार येत असतील, किंवा इतरांना न ऐकू येणारे आवाज येत असतील, तर दोन आठवडे थांबूच नका. समुपदेशक आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बोलण्यातून उपचार करतात. औषधं लिहिणारा मानसोपचारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर त्या विषयातलं शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो. मध्यम आणि तीव्र नैराश्यात पुष्कळदा दोन्ही लागतात. पैशांची अडचण असेल तर पुण्याचं ससून, मुंबईचं केईएम यांसारख्या शासकीय व पालिका रुग्णालयांच्या आणि जिल्हा रुग्णालयांच्या मानसोपचार ओपीडीत अगदी थोड्या खर्चात काम होतं. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला मानसोपचार संस्था आहे. नावाला घाबरू नका, ओपीडीत लोक तपासून घेऊन घरी जातात.

जाताना वही, पीएचक्यूचे आकडे आणि चालू औषधांची नावं न्या. घरात कोणाला असा आजार होता का ते विचारून ठेवा. एक गोष्ट डॉक्टरांनी विचारली नाही तरी सांगा: पूर्वी कधी चार-पाच दिवस दोन-तीन तासांच्या झोपेवर भन्नाट उत्साह, भरमसाट बोलणं, उधळपट्टी असं झालं होतं का. तसं असेल तर आजार बायपोलर, म्हणजे उदासी आणि अतिउत्साह या दोन टोकांत फिरणारा, असू शकतो, औषधयोजना बदलते, आणि फक्त नैराश्यविरोधी गोळी दिल्यास तोल दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो.

हल्ली सुरुवातीला बहुधा दिल्या जाणाऱ्या एसएसआरआय या नैराश्यविरोधी औषधांच्या गटातल्या गोळ्यांची सवय लागत नाही, म्हणजे डोस वाढवत न्यावा अशी ओढ निर्माण होत नाही. परिणाम दोन आठवड्यांनी जाणवू लागतो आणि नीट कळायला चार ते सहा आठवडे लागतात. त्रास मात्र पहिल्या आठवड्यातच दिसतो: मळमळ, डोकेदुखी, झोपेत बदल, थोडी बेचैनी. तो बहुधा ओसरतो. लैंगिक इच्छेवर परिणाम झाला तर लाजून गोळी बंद करू नका, डॉक्टरांना सांगा, पर्याय असतात. पंचविशीच्या आतल्यांत सुरुवातीच्या काही आठवड्यांत अस्वस्थता आणि आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून त्या काळात रूममेटला किंवा घरच्यांना कल्पना देऊन ठेवा आणि तसं झालं तर लगेच डॉक्टरांना फोन करा. बरं वाटल्यावर निदान सहा महिने औषध चालू राहतं. एकदम सोडलं तर चक्कर, झिणझिण्या, चिडचिड होते आणि आजार उलटू शकतो.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे उपचारांची माहिती गोपनीय राहते. जिवाचा धोका वगैरे अपवाद सोडले तर तुमच्या संमतीशिवाय ती कॉलेजला कळवता येत नाही. त्याच कायद्याच्या कलम ११५नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं धरलं जातं, आणि त्याची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य ठरतं. पोलीस केस होईल या भीतीने दवाखाना लांबवू नये.

मोबाइलमध्ये ठेवायचं एक पान

मन बऱ्यापैकी असताना हे लिहून ठेवा. माझ्या धोक्याच्या खुणा: दोन दिवस आंघोळ नाही, घरचा फोन उचलला नाही, “माझ्यावाचून बरं होईल” असं वाटलं. त्या वेळी मी जाईन अशी जागा, जिथे माणसं असतात. रात्री तीनला फोन केला तरी चालेल अशी तीन माणसं, त्यांना आधी विचारून. डॉक्टरांचा नंबर, १४४१६. खोलीत स्वतःला इजा होईल असं जे काही आहे ते आणि औषधांचा साठा रूममेटकडे, रोजच्या गोळ्या आठवड्यापुरत्याच. हा लाटेसारखा उमाळा असतो, पुष्कळदा काही मिनिटांत किंवा तासांत ओसरतो, आणि तेवढा वेळ साधन हाताशी नसणं व माणूस शेजारी असणं यांनी जीव वाचतात.

हे पान वाचणारा मित्र असाल, तर “तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतायत का?” असं सरळ विचारा. विचारल्याने कल्पना डोक्यात जात नाही. “हो” आलं तर त्याला एकटं सोडू नका, गुप्ततेचं वचन देऊ नका आणि घरच्यांना त्याच्यासमोरच फोन लावा.

बरं झाल्यावर वही बंद करा, पण दर दुसऱ्या रविवारची प्रश्नावली सहा महिने चालू ठेवा. सलग दोन वेळा बेरीज पाच गुणांनी वर गेली, की तीन कामांची यादी पुन्हा सुरू आणि डॉक्टरांची वेळ त्याच आठवड्यात. परीक्षेच्या आधीचे तीन आठवडे आणि रिझल्टनंतरचा एक, यांवर वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडरमध्ये खूण करून ठेवा.